परिशिष्ट ब

मालपिका बंदर, गुरुवार, भरतीच्या आधी

वकीलसाहेब,
आपलं बारा पानांचं पत्र मिळालं.
सही घेताना पोस्टमन उसेबिओनं टोपी काढली,
हळूच विचारलं, कोण गेलं?
एवढा जाड कागद आमच्याकडे
मृत्युपत्रालाच लागतो.

माद्रिदची कायद्याची भाषा मला झेपत नाही.
इरियानं वाचून दाखवलं.
आमच्या जाळी शिवणाऱ्या बायकांत ती सगळ्यात लहान,
बेचाळीस वर्षांची.
बाकीच्या ऐकत होत्या.
सुया थांबवल्या नाहीत कुणी,
जाळं सोमवारी द्यायचं आहे.

तर म्हणणं असं, की
मी, दोसिंदा लोउरिदो, वय सहासष्ट,
शनिवारच्या बाजारात, कांदेवाल्याच्या शेजारी बसून
तुमच्या अशिलांच्या जाळीदार पिशवीची
नक्कल विकते.
गाठ त्यांची आहे, रीतसर नोंदलेली.
दहा दिवसांत विणणं बंद करावं,
पन्नास हजार युरो भरावेत,
नाहीतर, पान सात,
गाठ तुमच्याशी आहे.

साहेब, आजवर एकतीस पिशव्या विकल्या,
बारा युरोला एक.
दोन फुकट दिल्या: पाद्रीबाबांना एक,
आणि दाताच्या डॉक्टरला, उधारी लांबली म्हणून.
पन्नास हजारांसाठी किती विणाव्या लागतील
याचा हिशोब रेमेदिओसनं मांडला,
आणि पाव कापता कापता हसत सुटली.

गाठीबद्दल थोडं.
ती सुरगाठ नाही, ओढली की सुटणारी.
मासा अडवायचा, पाणी जाऊ द्यायचं,
एवढंच तिचं काम.
कुणी शोधली, ठाऊक नाही.
कुणीतरी भुकेलं असणार.
माझ्यापुरती तिची नोंद
उजव्या करंगळीत आहे,
जी आता सरळ होत नाही.

त्या करंगळीमुळेच सांगते.
अकराव्या पानावर, परिशिष्ट अ:
माझी पिशवी, 'नक्कल'.
बाराव्या पानावर, परिशिष्ट ब:
अशिलांची पिशवी, 'अस्सल'.
अस्सल पिशवी धरणारा हात नीट बघा.
करंगळी वाकडी आहे.

एका ऑगस्टमध्ये एक मुलगी आली होती, कॅमेरा घेऊन.
आमच्यात बसून उकडलेले बटाटे खाल्ले,
सुईला काय म्हणतात ते विचारलं,
मग फोटोचं विचारलं. मी हो म्हटलं.
तिला काही बोलू नका.
फोटो तुमच्याकडे कसा गेला
ते तुमच्याच कपाटात शोधा.

आणि त्या फोटोत
पुढे माझं बोट,
मागे आमारोची बोट.
शाळेच्या फळ्यासारखा हिरवा रंग,
दुकानात उरलेला, निम्म्या किमतीला मिळालेला.
ती बोट मार्चात मोडीत निघाली,
अनुदान घेऊन, सरकारी दाखल्यासह.
अशिलांनी गाठ नोंदवली जूनमध्ये, पान पाच.
दाखल्याची झेरॉक्स जोडली आहे.
मोडलेली बोट तीन महिन्यांनी
धक्क्याला येऊन उभी राहत नाही.
आमारोलाही तसं वाटायचं कधी कधी,
पण ती गोष्ट वेगळी.

पैसे नकोत. माफी लिहायलाही
तुम्हाला बारा पानं लागतील.

मात्र बारावं पान मी ठेवून घेतलं आहे.
आमच्याकडे त्या बोटीचा एकही फोटो नव्हता.
रोज दारात दिसते तिचा
फोटो कोण काढतं?
'गोपनीय' हा तुमचा शिक्का
नेमका डोलकाठीवर बसला आहे,
आणि कडा कापल्यानं नाव अर्धंच उरलंय.
उरलेली अक्षरं मला पाठ आहेत.
तरी पुन्हा पत्र धाडायचं झालंच
तर फोटो न कापलेला धाडा.

बाकी अकरा पानं परत.

आपली,
दोसिंदा लोउरिदो

ता. क. पुडकं दोऱ्यानं बांधलं आहे.
कात्री लावू नका, दोरा चांगला आहे.
गाठ अशिलांचीच आहे म्हणता,
तर सोडवणं त्यांना जमेल.