अडतीस मीटर

कायनूची जमीन ऑक्टोबरात दगड होते,
म्हणून सप्टेंबरातच चर खणला:
हेल्वीच्या घरापासून बॉयलरच्या शेडपर्यंत अडतीस मीटर,
शेडपासून तेउवोच्या वर्कशॉपपर्यंत आणखी अकरा.
तळाशी गरम पाण्याचे दोन पाइप, फोमच्या रजईत जोडीनं निजवलेले,
त्यावर वाळू, मग वेगळ्या नळीत माझी केबल,
विजेच्या वायरपासून हातभर लांब.
"इतकं अंतर कशाला?" हेल्वीनं विचारलं.
म्हटलं, ती मोठ्यानं बोलते,
हिला कुजबुज ऐकायची असते.

आठ तारा.
दोन घरातल्या सेन्सरला, दोन पंपाच्या रिलेला.
चार मी रिकाम्या ठेवते, नेहमीच;
जमीन पुन्हा उकरायची हौस कुणाला नसते.
केबलच्या जाळीला अर्थिंग एकाच टोकाला, शेडमध्ये.
दोन्हीकडे जोडलं
की दोन इमारतींखालच्या मातीतला फरक
तिच्यातून वाहू लागतो
आणि आकडे थरथरतात.

वर्कशॉपमध्ये सेन्सर नको, तेउवो म्हणाला.
"माझं काय मोजायचंय?"
तिथे तो होड्यांना डांबर लावतो,
आणि लाकूडगिरणी बंद पडल्यापासून झोपतोही.
पंप एकच. घराला थंडी वाजली तर तो फिरणार,
आणि फिरला तर थोडं त्याच्याकडेही पोचणार.
तरी त्या बाजूलाही केबल ओढून ठेवली,
टोकं टेपनं बांधून.

जानेवारीत त्याचाच फोन.
लाकूड पाण्यासारखं जातंय. तुझा सेन्सर बिघडलाय.

उणे सत्तावीस.
आत हेल्वी बिनबाह्यांच्या झग्यात, कपाळावर घाम,
स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी.
पॅनेल म्हणतं, चौदा.
दाराजवळचं जुनं थर्मामीटर म्हणतं, सव्वीस.

शेडमध्ये जाऊन तारांना मीटर लावला:
साडेसोळा हजार ओहम.
थंडीत याचा रोध चढतो, उबेत उतरतो,
एवढीच याची भाषा, आणि तो ती नीट बोलत होता.
जोड घट्ट. कुठे पाणी शिरलेलं नाही,
कुठे उंदरानं कुरतडलेलं नाही.
अडतीस मीटर निर्मळ.
मग उरलं ते टोक.

टोकावर मोजा होता.
राखाडी, लोकरी, टाच दोनदा रफू केलेली,
सेन्सरच्या डबीवर टोपीसारखा चढवलेला,
ओलाचिंब.

हेल्वी कॉफी ओतत राहिली, माझ्याकडे पाठ करून.
"सकाळ-संध्याकाळ भिजवते,"
किटलीला सांगितल्यासारखं म्हणाली.
"तो मागायचा नाही.
विचारलं तर म्हणतो, गरम आहे.
इथे मी शिजते, पण तिकडे त्याचा श्वास तरी दिसत नाही."

माझ्या पुस्तकात या बिघाडाचं पान नाही.
मोजा काढला, पिळला, चुलीवरच्या दोरीला टाकला.
मग टेप सोडली,
रिकाम्या चारांतल्या दोन तारा जागवल्या.

तेउवो होडीखाली आडवा होता, डांबराच्या वासात.
त्याला विचारलंच नाही.
पलंगाजवळच्या खांबावर, छातीच्या उंचीला, दोन स्क्रू.
"सेन्सरच होता ना?" खालून आवाज आला.
"हो," मी म्हटलं. "ओल आली होती."
त्यानं ब्रश थांबवला.
मग पुन्हा चालू केला.

संध्याकाळी पॅनेलवर दोन आकडे.
हेल्वीनं चष्मा शोधला, तो तिच्या डोक्यावरच होता.
"यातला त्याचा कुठला?"
"खालचा. आता जो कमी असेल, पंप त्याचं ऐकणार."
ती बराच वेळ बघत उभी राहिली.
अठरा. अठरा. मधेच साडेअठरा.
मग जाऊन खिडकी लावली
आणि स्वेटर घातला.

निघताना पाहिलं, मोजा सुकला होता.
तो घडी करून तिनं पॅनेलच्या डोक्यावर ठेवला.
मी बघतेय हे पाहून म्हणाली,
असू दे.