उणे अठ्ठावीस

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
बाहेरचा पंखा थांबला.
बत्तीस हिवाळे शाळेची बस चालवलेली मी,
आवाज आला म्हणून नाही,
आवाज गेला म्हणून जागी होते.

खिडकीशी गेले. नदीच्या जागी नुसता पांढरा पट्टा,
पलीकडे कॅनडातले चार दिवे.
आणि आमच्या भिंतीलगत, लोखंडी घोडीवर
ते खोकं, दातखीळ बसलेलं,
पत्र्यांच्या फटींत बर्फाची जाड साय.
मग आत कुठेतरी टक् झालं,
रिकाम्या पोटासारखं काही गुरगुरलं
आणि त्याच्या अंगातून वाफा निघायला लागल्या.
मला वाटलं, पेटलं.

जेर्वेला फोन लावला.
पहिलीपासून आठवीपर्यंत त्याला मीच नेलाय-आणलाय,
अपरात्री उठवायचा तेवढा हक्क आहे माझा.
"मादाम सीर," तो जांभई देत म्हणाला,
"पेटलं नाही. अंगावरचं बर्फ झटकतंय.
दहा मिनिटं द्या त्याला. घड्याळ लावा हवं तर."

लावलं.
शेजारी बायको निजलेली, म्हणून तो कुजबुजत राहिला:
बाहेरच्या हवेत ऊब असतेच,
उणे अठ्ठावीसातही असते, फक्त पातळ,
पाहुणे वाढले की सूपात पाणी वाढवतो तशी.
नळ्यांतून जे फिरतं ते या हवेहून गार,
त्याला हा गारठासुद्धा कोमट लागतो.
तेवढं कोमट पिऊन ते आत येतं,
मग त्याला दाबतात, आणि दाबलं की तापतं.
"सायकलचा पंप मारताना तापायचा ना, तसं."

आदेलार म्हणायचा,
थंडीतून ऊब काढणार म्हणे! दगडाची धार काढा त्यापेक्षा.
तळघरात त्याची मेपलची लाकडं अजून रचलेली,
ओंडक्यांवर खडूनं लिहिलेलं साल.
शेवटचं साल आहे त्याचं. जाळायला हात होत नाही.
रेमीनं यंत्र बसवायचं काढलं तेव्हा मी गप्प होते.
माझा खांदाच बोलला: आता लाकूड उचलवत नाही.

"आणि बर्फ वितळवायला ऊब आणतं कुठून?"
जेर्वे जरा थांबला.
"तुमच्याच घरातून. उलटं फिरतं. थोडी उसनी नेतं."

म्हणजे मघापासून
स्वयंपाकघरातून, माझ्या गुडघ्यांवरून,
त्या खुर्चीवरून, जिच्यावर कुणी बसत नाही,
ऊब गोळा करून ते बाहेर चाललं होतं
स्वतःचे हात शेकायला.
राग यायला हवा होता.
पण पहाटे पाचला
बसच्या दाराचं गोठलेलं कुलूप
मीही घरच्या कॉफीनं सोडवायचे.
पहिलं पोर चढेपर्यंत थर्मास निम्मा.

बाकीचं वीजबिलाच्या पाकिटावर लिहून घेतलं.
रात्री अंश उतरवू नका, सकाळी चढताना त्याला धाप लागते.
खाली साचलेलं बर्फ फावड्यानं ओढून काढा,
वितळलेलं पाणी जायला वाट हवी.
एका युनिटाचे तीन होतात ते ऑक्टोबरात;
या थंडीत दीड झालं तरी हसून घ्या.
"आणि वीजच गेली तर?"
"तर यंत्र काय करणार बिचारं.
तळघरात चूल आहे ना अजून?"
आहे, म्हटलं.
खडूचं काही सांगितलं नाही.

नऊ मिनिटं.
टक्. एक उसासा, मग पंखा,
आधी जड, मग सरळ.
वरच्या झडपेतून पहिला झोत आला तो गारच,
मी तळवा धरून उभी राहिले,
दुसरा जरा बरा.

"जेर्वे, चालू झालं रे."
उत्तर नाही.
कानाशी धरलेल्या फोनात त्याचं घोरणं,
आठवीत असताना मागच्या बाकावर घोरायचा तसंच.
फोन लगेच ठेवला नाही.
दोन्ही आवाज नीट चालू आहेत ना,
ऐकत बसले थोडा वेळ.