कुदोबाईंचा नियम

रविवारी माकूळ उतरवून झाली की
मी घरी न जाता थेट कुस्तीच्या हॉलवर जातो.
रबरी बूट दाराशी राहतात, वास आत येतो.
पोरी नाकं मुरडतात, आणि तरी
रॉकेलच्या स्टोव्हजवळची खुर्ची मला मोकळी करून देतात.
तिथून माझी सायो दिसते.
अकरा वर्षांची. उताणी. गुडघे दुमडलेले.
खिडकीबाहेर हाचिनोहेचं बंदर, बर्फ, बोटींचे विझलेले दिवे.

पहिला महिना कुदोबाईंनी
डोक्यावर भार येऊच दिला नाही.
नुसती कंबर उचला, म्हणाल्या,
आणि खाली ठेवा, झोपलेलं बाळ ठेवावं तशी.
दुसऱ्या महिन्यात तळहात कपाळावर:
हात ढकलणार, डोकं हलणार नाही,
दहापर्यंत मोजायचं, तेही मोठ्याने,
मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही म्हणून.
मग डावा कान. मग उजवा. मग मागून.
सायो घरी येऊन चिडायची, ही काय कुस्ती!
आपल्याच हाताशी भांडायचं
आणि दोघांनीही हरायचं नाही.

तिसऱ्या महिन्यात पूल.
डोक्याखाली टॉवेलची घडी,
तळवे कानांशी, भार हातापायांवर.
डोकं गादीला फक्त विचारतं, आहेस ना?
झोके नाहीत. छातीवर वजन नाही.
आणि भिंतीवर, मुलींच्या डोळ्यांच्या उंचीवर,
कुदोबाईंच्या हातचं एकच वाक्य:
मुंग्या आल्या, थांबा.

कुदोबाईंची मान वळत नाही.
कोणी बाजूने हाक मारली
तर त्या अख्ख्या वळतात, कपाट सरकवावं तशा.
एकोणिसाव्या वर्षी, सकाळी, थंड अंगाने,
छातीवर वीस किलोची चकती घेऊन
पूल केला होता, कोणाला तरी दाखवायला.
"कोणाला?" मी एकदा विचारलं.
"नाव विसरले," त्या म्हणाल्या.
"मानेला विचारा, तिला आठवत असेल."

एका रात्री बायको झोपल्यावर
मीही तातामीवर बसलो, कपाळाला तळहात लावून.
तीस वर्षं दोर ओढलेली ही मान,
कोणापुढे तुकली नाही असा माझा समज.
चार मोजेपर्यंत जुन्या जिन्यासारखी कुरकुरली.
कागदी दारापलीकडून आवाज आला,
"बाबा, हळू. आणि मोठ्याने मोजा."

जानेवारीत आओमोरीच्या मुली आल्या, सरावाच्या कुस्त्यांना.
एका लांब हातांच्या पोरीने सायोला उचललं,
फिरवलं, आणि अस्मान दाखवणार
इतक्यात पूल!
गादी आणि पाठ यांच्यामध्ये
एक मांजर निवांत निघून गेलं असतं, एवढी जागा.
हॉल ओरडत होता. मी उभा होतो.
सहा, सात, आठ, नऊ.

आणि सायोने गादीवर तळहात आपटला.
सोडा.

कोणाच्या तरी आईने चक् केलं.
खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं,
अजून दोन सेकंद, पोरी, दोनच.
ती पडल्या पडल्या बोटं उघडमीट करत होती.
"मुंग्या," एवढंच म्हणाली.

कुदोबाईंनी तिला उठू दिलं नाही.
एकेक बोट दाबलं. हे कळतं? हे?
स्टोव्हवरची किटली उकळून उकळून थांबली.
मुंग्या गेल्या, तरी डॉक्टरकडे जायचंच,
आणि पुढचे तीन आठवडे पूल बंद,
हे मला सांगितलं, तिला नाही. तिला ठाऊक होतं.

मग सायो सावकाश उठून बसली
आणि कुदोबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.
डावीउजवीकडे न जाणारी ती मान
खाली मात्र जाते.
गेली. कमरेपासून, पूर्ण,
अकरा वर्षांच्या पोरीपुढे, सगळ्या हॉलदेखत,
आणि तिथेच राहिली.

मी मोजत होतो.
मोठ्याने.
नऊ.