नमुना क्रमांक एकशे सतरा

मला अर्धं तिकीट लागतं, डब्याला पूर्ण.
कंडक्टर रोज विचारतो, "मासे हायेत का वो यात?"
मी नाही म्हणते, आणि काय आहे ते सांगत नाही.
थर्माकोलचा डबा मांडीवर, आत बर्फ सुटत चाललेला,
लोणखेड ते दर्यापूर, दर्यापूर ते अमरावती,
माझ्या गावाचं रक्त आणि लघवी घेऊन
मी विद्यापीठात जाते.

चार विभागांनी मिळून मागितलंय आमचं खारपाण.
रसायनवाल्यांना विहिरीचं पाणी हवं.
ते त्यात सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडतात,
पांढरं साकळतं, साकळत राहतं,
आणि कुठल्याशा एका थेंबाला विटेसारखं लाल होतं.
तिथे थांबायचं असतं.
जीवशास्त्रात त्याच पाण्यात रोहूची बोटुकली वाढवतात,
नंतर त्यांचे मूत्रपिंड कापतात, केसाहून पातळ.
मेडिकलवाल्यांना आम्ही हवे.

भौतिकशास्त्राच्या खोलीत पडदे ओढलेले.
तिथे एक ज्योत आहे, निळसर, जवळजवळ नसल्यासारखी.
नळीने पाणी वर ओढलं की दचकते
आणि पिवळी होते.
"सोडियम," सर म्हणतात, आकडा सांगतात.
पहिल्या दिवशी मी आकडा लिहायचं विसरले.
शिवेवरची विहीर, शाळेमागचा हापसा, आमच्या घरचा रांजण,
सगळ्यांचा तोच पिवळा.
माझं गाव जळताना असं दिसतं, हे मला माहीत नव्हतं.

बाटलीवर नाव लिहायचं नाही.
नावं पाठराबे मॅडमच्या कपाटात, कुलपात.
पण नंबर मी टाकलेत, अक्षर माझं आहे.
एकशे चार ब्लाउज शिवते.
एकशे नऊ माझ्याशी बोलत नाही दिवाळीपासून.
एकशे बारा रात्री तीनदा उठतो, बायकोला सांगत नाही.

मंगळवारी पिक्रिक ॲसिडच्या नळ्या रांगेत लावल्या.
सगळ्या पिवळ्या असतात आधी.
पंधरा मिनिटं बसायचं. ज्याची किडनी बरी
त्याची नळी जराशी तांबूस होते, इतकंच.
एकशे सतरा वरूडच्या संत्र्यासारखी झाली.
"चूक असू शकते," मॅडम म्हणाल्या. "दुसरा नमुना आण.
तोवर काही बोलायचं नाही."
बरोबर आहे. मीही म्हणाले, बरोबर आहे.

पंजाबकाका ओट्यावर सुतळी वळत होते.
"काहून आली व पोरी? नेलं ना रक्त मांगच्या हप्त्यात?"
"परत लागते."
"सगळ्यायचं, का माहंच?"
मी सुई शोधत राहिले. ती हातातच होती.
"इद्यापीठाले पसंत पडला म्हणजे आपला माल,"
ते स्वतःशीच हसले आणि दंड पुढे केला.
शीर लगेच सापडली.
काकूने चहा आणला. फाटलेला.
इथे सगळ्यांचाच फाटतो, आणि सगळे पितात.
मी दोन कप प्यायले, तोंड भरलेलं राहावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी लघवीची बाटली घ्यायला गेले,
तर ती धुतलेल्या फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलेली,
आणि चिठ्ठीवरचा माझा ११७ खोडून,
बॉलपेनने, तिसरीतल्या अक्षरात, वर नीट रेघ ओढून:
पंजाब शामराव होले, मु. पो. लोणखेड.
"नंबरावरून कोन ओयखते? हरपली तं?"

नियम आहे.
बसमध्ये डबा उघडून मी नवी चिठ्ठी काढली,
एकशे सतरा लिहिलं, त्यांच्या नावावर चिकटवलं.
गार बाटलीवर डिंक धरेना.
वलगाव येईपर्यंत मी ती
अंगठ्याने दाबून धरली होती.