काडी

मिलाना दोन वर्षांनी अन्सानहून आली.
बॅगेत आमच्यासाठी तोंडाला लावायचे मास्क, शेवाळाची पाकिटं,
आणि जिभेवर घडी न मोडलेली भाषा.

दारातच म्हणाली, "हाल्मोनी!"
आईनं मागे वळून पाहिलं,
मागे फक्त फ्रिज होता.
आमच्यात आजीला आमै म्हणतात. निदान
आजवर तरी म्हणत होते.

मला आईचं अर्धं कळतं, लेकीचं पाव.
दोन्ही मिळून पाऊण.
उरलेल्या पावाला मी मान डोलावते.
माझी स्वतःची भाषा रशियन, शाळेतली, फार्मसीतली,
औषधं, भांडणं आणि आकडेमोड तिच्यातच होते.

जेवताना आईनं गाजर वाढलं.
तेहतीस वर्षं कुइल्युक बाजारात तिनं हेच विकलं,
दोऱ्यासारखं लांब किसलेलं, धने, तिखट, वरून कडकडीत तेल.
हवा तो कोबी इथे मिळेना म्हणून कुणीतरी गाजराला हात घातला
आणि ते आमचं झालं.
"तिकडे हे कुणाला माहीतच नाही," मिलाना म्हणाली.
"मग खातात तरी काय बिचारे?" आईनं विचारलं,
आणि तिच्या ताटात अजून एक मूठ टाकली.

मग मिलाना आईचे शब्द दुरुस्त करत बसली.
हा असा नाही, आमै, असा.
(रागात ती आमैच म्हणते.)
ओठ गोल कर. शेवट ओढू नकोस.
आई सत्त्याऐंशीची. दातांची कवळी वाटीत.
ती मुकाट्यानं ओठ गोल करत होती,
जसं एकेकाळी हिला भरवताना
आधी स्वतः तोंड उघडायची.

साडेसातला वीज गेली.
जानेवारीत जाते.
आई अंधारात म्हणाली, "बिजिक्के कुठंय?"
"सोंगन्यांग," मिलाना म्हणाली. "काडेपेटीला सोंगन्यांग म्हणतात.
बिजिक्के हा कोरियन शब्दच नाही, आमै,
तुम्ही रशियन स्पिच्का चावून चावून तो केलाय."

आई काही बोलली नाही.
तिची आई मालगाडीच्या डब्यातून इकडे आली तेव्हा
ही पोटात होती. महिनाभर.
त्या डब्यात काडी कोणत्या भाषेत मागितली असेल,
आणि कुणाजवळ उरली असेल,
हे मी कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

तेवढ्यात दारावर थाप. शेजारच्या मस्तुरा-ओपा,
हातात विझलेली मेणबत्ती:
"गुगुर्त आहे का गं, गुगुर्त?"
आम्ही चौघी अंधारात, चार नावं,
काडेपेटी एकीलाही सापडेना.
शेवटी मी फळीवर हात फिरवला, डबी हलवली,
खुळखुळ झाली
आणि तिघी एकदम म्हणाल्या, हां, तीच.

मेणबत्तीशी बसून मिलाना सांगू लागली,
तिकडे बसथांब्यावर एक बाई म्हणाली,
"तुमची कोरियन किती छान! कुठे शिकलात?"
"तोंड तर त्यांच्यासारखंच आहे ना माझं?"
हे मात्र ती रशियनमध्ये म्हणाली.
आईला सगळं कळलं असावं.
तिनं मिलानाच्या पाठीवरून हात फिरवला नाही,
तशी सवय नाही आमच्याकडे.
मिरच्यांची बरणी तिच्याकडे सरकवली.

रात्री पाणी प्यायला उठले
तर आईच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं.
प्रार्थना वाटली. ती कधी करत नाही.
दाराशी कान लावला:
सोंग... सोंगन्... सोंगन्यांग.
मग थोडं थांबून, चूक सुधारल्यासारखं,
बिजिक्के.

सकाळी गॅसपाशी मिलाना उभी.
मागे न बघता तिनं हात पुढे केला, म्हणाली,
"आमै, ते दे ना."
आईनं दिलं.