अंगठे

काजूच्या कारखान्यात हजेरीचं मशीन आलं.
बोट ठेवलं.
ते म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
राख चोळली, एरंडेल लावलं,
तरी अकरा वर्षांत टरफलाच्या तेलानं
रेषा खाल्ल्या त्या खाल्ल्याच.
मुकादम म्हणाला, मशीनला दिसत नाही
म्हणजे तुम्ही आलाच नाहीत.

मग सातच्या भोंग्यापासून दिवेलागणीपर्यंत
टोपल्या भरल्या कुणी?

उभादांड्याला माझं घर, दारात समुद्र.
सूर्य बुडताना शेवटचा पाहिला
तो जैतूनच्या लग्नाला.

अर्ज मी लिहिला, सातवी पास म्हणून.
आठ तास. वरच्या तासाला दुप्पट.
पावलीन म्हणाली, "मुताक गेलेलो टायम कापूचो नाय,
ता पण घाल."
घातलं.
खाली सह्या नकोत, नावं नकोत.
अंगठे.

त्रेचाळीस डाग,
काळे, गुळगुळीत, एकासारखा एक.

शेटनं कागद उजेडात धरला,
मग उलटा धरला.
"ह्यातला पुढारणीचा कुठला?"
भट्टी थंड. पेडलवर एक पाय नाही.
बंदराकडे कुणाचं तरी इंजिन
धरत नव्हतं, सुटत नव्हतं.
शेवंती, जी कधीच बोलत नाही,
म्हणाली, "मशीनीक इचारा."

आठ अजून झाले नाहीत.
साडेनऊवर आलंय, भांडण चालू आहे.
काल घरी पोचले तर ओटीवर ऊन होतं,
पिवळं, माझ्या पायांवर चढणारं.
धाकटा धावत आला,
कपाळाला हात लावून म्हणाला,
"आये, ताप इलो काय तुका?"