जवारी

नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत
छत्तीस सेंटीमीटर.
मी टेप सोडते, वहीत आकडा टिपते,
आणि दस्तगीरचाचा विचारतात,
"भोपळा किती जाड निघाला, बाई?"

मिरजेत पन्नास वर्षं
टिचकी मारून भोपळ्याची जाडी सांगत आलेला माणूस.
मी स्कॅन बघून सांगते: उजवीकडे सहा मिलिमीटर,
डावीकडे थोडा जास्त.
डाव्या कानशिलावर खोक आहे,
कृष्णेच्या घाटावर लहानपणी आपटल्याची.

वीज आळशी.
हाडातून जायचा तिला कंटाळा,
कातडीवरूनच पळ काढते.
मला ती हवी खोल आत,
शेंगदाण्याहून लहान एका गाठीत,
जिथं उजव्या हाताच्या कंपाचं मूळ आहे.
तेही एक भोक न पाडता.

म्हणून दोन प्रवाह:
एक दोन हजारांचा, दुसरा त्याहून एकशेतीसनं चढा.
एकेकटे इतके जलद की मेंदू दखलच घेत नाही.
भेटतात तिथं मात्र
दोघांमधला फरक तेवढा डोलतो.
"दोन तारा जुळता जुळता राहिल्या
की उठतो तो डोल, तोच ना?"
तोच, चाचा.

टोपीला चौसष्ट भोकं, चकत्या चार.
कॉम्प्युटर रात्रभर मांडणी करत बसला,
सकाळी उत्तर आलं:
चौथी चकती बरोबर खोकेवर.
तिथली कातडी मेलेली, प्रवाह धड शिरेना.
दुसरीकडे लावली तर डोल गाठ सोडून
शेजारच्या घरात.

चाचा हसले.
"घोडीवर तारेखाली सूत सरकवतो आम्ही.
तसूभर पुढं, तसूभर मागं.
नाद उघडेस्तोवर दुसरं काम नाही."

बोटभर मागे घेतली. जेल भरला. पुन्हा गणित.
पुन्हा बोटभर, थोडी वर.
पडद्यावरचा लाल डाग
हळूहळू गाठीवर येऊन बसला,
पुरता नाही, बराचसा.

आता बटण.
लिफाफ्यात आज काय आहे मला ठाऊक नाही,
खरा प्रवाह, की नुसताच दिवा.
अभ्यासाचा नियम आहे, त्यांनाही माहीत आहे.

वीस मिनिटं मांडीवरचा हात बघत बसले.
थरथर होती. मग कमी होती.
की मी बघत होते म्हणून कमी?
खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

ओल्या फडक्यानं केसातला जेल पुसताना
चाचा म्हणाले, "जवारी लागली."
रकान्यात मी ते जसंच्या तसं लिहिलं,
फक्त पुढं पूर्णविराम द्यायचा
की प्रश्नचिन्ह,
तेवढं राहिलंय.